चार नंबरच्या मशीनचं कार्ड

१

चार नंबरच्या पडद्यावरची दगडी भिंत विरघळली, तेव्हा हॉलमध्ये अकरा माणसं होती आणि अकराही जणांनी ते पाहिलं.

त्या दिवशी कॉम्प्युटरवर खेळायच्या त्या हॉलमध्ये नवा खेळ सुरू व्हायचा होता. हॉल चालवणाऱ्या भाचीने महिनाभर त्याची जाहिरात केली होती. शनिवारी दुपारी चारला तिने सहाही मशीनवर तो एकदम सुरू केला आणि पाच पडद्यांवर एक जुनं बंदर उभं राहिलं. दगडांवरचं शेवाळ, दोरखंडांचे पीळ, फळ्यांवरच्या खिळ्यांचा गंज, सगळं हात लावून बघावंसं. चार नंबरच्या पडद्यावर मात्र भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती. खेळातला माणूस दोन पावलं चाले, थिजे, मग एकदम चार पावलं पुढे उडी मारे.

"याला काय झालं?" भाचीने विचारलं.

मशीनची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो पत्र्याला कान लावून पंख्याचा आवाज ऐकायचा. डॉक्टर गुडघ्यावर बसला. बाजूच्या पत्र्यावर भाचीच्या सहीची कागदी पट्टी होती. मशीन उघडलं की पट्टी फाटणार आणि बंद केल्यावर नवी लागणार, असा हॉलचा नियम. त्याने सगळ्यांदेखत पट्टी कापली, पडद्यावरचं चित्र उभं करणारं आतलं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि उलटं केलं.

"सोळा पाहिजे," तो म्हणाला. "हे आठ आहे."

पाठीवरच्या स्टिकरवर तसंच होतं, मेमरी आठ जीबी. कार्ड त्याच कंपनीचं, त्याच नावाचं, तेच काळं कवच, तेच दोन पंखे. समोरून पाहिलं तर कोणी ओळखणार नाही. पण भाचीने घेतलं होतं ते सोळाचं, चांगलेच जास्त पैसे मोजून.

"हे मशीन शेवटचं कोणी उघडलं?" भाचीचा धाकटा दीर काउंटरवरून म्हणाला. तो बिलं आणि खरेदी बघायचा.

"मीच. दहा दिवसांपूर्वी. पंखा बदलायला."

कोपऱ्यात पाण्याच्या यंत्राशेजारी मावशी बसली होती. ही भाचीची मावशी. सदतीस वर्षं ग्रंथपाल होती, निवृत्त झाल्यावर वरच्या खोलीत राहायला आली. मुलांना न्यायला येणारे आईबाप ताटकळतात, म्हणून तिने त्या कोपऱ्यात पुस्तकांचं एक कपाट मांडलं होतं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी ती बोलली.

"त्या दिवशी जाताना तुमच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, नाही का हो?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आठवलं, म्हणून बोलली. पण हॉलमधल्या सगळ्या नजरा डॉक्टरकडे वळल्या.

"काय होतं त्यात?" भाचीने विचारलं.

डॉक्टरने मावशीकडे पाहिलं. मग हॉलची किल्ली काउंटरवर ठेवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि तो सावकाश चालत दाराबाहेर गेला.

"बघितलंस?" दीर म्हणाला. "बोलायला तोंड आहे का?"

"सोमवारी अकरा वाजता त्या मोठ्या रुग्णालयातून मला फोन येणार आहे," भाची सावकाश म्हणाली. "तिथल्या कॉम्प्युटर विभागात त्याने अर्ज केलाय आणि चौकशीसाठी माझा नंबर दिलाय. आता सांगू तरी काय मी त्यांना?"

२

रविवारी सकाळी हॉल उघडायच्या आधीच मावशी खाली येऊन कपाट पुसत बसली. मनाला टोचणी लागली की तिचे हात असे फडकं शोधत.

तिसऱ्या खणात दोन बोटांची फट होती. कोणतं तरी पुस्तक बाहेर होतं. कोणाला दिलं ते आठवेना. वय झालं, दुसरं काय. देवघेवीची वही खणाच्या टोकाला दोरीने बांधलेली होती, पण ती उघडून बघायचा तिला हल्ली कंटाळा यायचा. महिन्याला दोन पुस्तकं जायची, त्यांची वही ती काय बघायची!

ती बघत होती डॉक्टरची जागा. चार नंबरच्या बाजूला, त्याच्या बसून बसून बसक्या झालेल्या स्टुलाकडे.

शनिवारचं एक वाक्य रात्रीपासून तिच्या डोक्यात अडकलं होतं. 'हे आठ आहे.' ते त्यानेच वाचून दाखवलं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्याने कार्ड बदललं, तो ते असं उलटं करून दाखवेल? 'पंखा अडकलाय' म्हणून पत्रा लावून टाकणं किती सोपं होतं.

पण मग कोण?

दीर आला तेव्हा तिने त्याला गाठलं. तो काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरू करत होता. त्या डब्याच्या कडेने उगाचच लाल-निळे दिवे चमकायचे.

"बिलं करायला इतकी रोषणाई कशाला रे?"

"हा आपला जुना सातवा, मावशी. नवशिक्यांचं मशीन होतं ना. पाच महिन्यांपूर्वी बिलांचा कॉम्प्युटर मेला, मग यालाच इथे आणून बसवला. आता आयुष्यभर बेरजा करणार बिचारा."

"तू जुने सुटे भाग विकतोस म्हणे."

त्याचे हात थांबले. "कोण म्हणतं?"

"तूच म्हणालास. जेवताना."

"ते जुने माऊस आणि कीबोर्ड! वहिनीला विचारून!" त्याचे कान लाल झाले. "मावशी, माझ्यावर डोळा ठेवू नकोस हं. मला त्या डब्यातलं कुठलं टोक कुठे जातं हेही कळत नाही. स्क्रू ड्रायव्हर धरला की वहिनी आधी मलमपट्टी काढून ठेवते."

हे मात्र खरं होतं. मागे बल्ब बदलताना त्याने अख्ख्या हॉलचे दिवे घालवले होते.

"आणि आपल्या संघाची कप्तान?" तिने विचारलं.

"तिच्या घरचं मशीन अगदीच रडकं आहे," तो हळूच म्हणाला. "चार नंबर तिची ठरलेली जागा. रोज तिथेच. आणि काल नेमकी ती आली नव्हती."

३

कप्तान म्हणजे एकोणीस वर्षांची सडपातळ मुलगी. हॉलच्या संघाची प्रमुख. ती दुपारी आली, चार नंबरसमोरची रिकामी खुर्ची पाहिली आणि जागीच उभी राहिली.

"डॉक्टरांना काढलं? कार्डासाठी?"

"काल कुठे होतीस?" मावशीने विचारलं.

"परीक्षा होती. हॉलतिकीट दाखवू?" मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मी पण यादीत आहे होय! छान. मावशी, तुम्ही मला विचारताय तसं लायब्ररीत लोकांना उशिराच्या पुस्तकांबद्दल विचारायचात का?"

"त्याहून कडक."

कप्तान हसली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. मावशीने सरळच विचारलं. रोज त्याच मशीनवर बसतेस, कार्ड बदललेलं तुला कळलं कसं नाही?

"कळणार कसं? आमच्या सामन्याच्या खेळाला मेमरी लागतेच किती! आम्ही सगळ्या सेटिंग तळाला ठेवतो. भिंतीचा दगड, गवताची पाती, कपड्यांचा पोत, सगळं साधं. आम्हाला चित्र सुंदर नको, भराभर पाहिजे. समोरचा कोपऱ्यातून डोकावला की दिसला पाहिजे, त्याच्या शर्टाचं विणकाम नको."

"मग आठ काय, सोळा काय?"

"सारखंच. एकाच चिपची दोन कार्डं. वेग चिपचा. मेमरी म्हणजे…" ती शब्द शोधू लागली.

"टेबल," मावशी म्हणाली. "वाचनालयातलं टेबल. दोन पुस्तकं वाचणाऱ्याला लहान टेबल दिलं काय, मोठं दिलं काय, वाचण्याचा वेग तोच. पण वीस नकाशे एकदम उघडायचे असले, तर लहान टेबलावर मावत नाहीत. मग प्रत्येक वेळी उठून कपाटाकडे जा, एक ठेव, दुसरा आण."

"अगदी तस्संच! ते उठून जाणं म्हणजे ते अडखळणं. आणि नकाशा यायच्या आत पडदा काहीतरी ठोकळेबाज दाखवतो. ती तुमची विरघळलेली भिंत. नव्या खेळात वीस नकाशे आहेत, आमच्या खेळात दोनच. खरं तर ताईंनी आमच्यासाठी सगळी आठचीच घेतली असती तरी चाललं असतं. सोळाचे पैसे या नव्या खेळांसाठी."

मावशीचं फडकं थांबलं.

"म्हणजे भिंत काल विरघळली," ती म्हणाली, "याचा अर्थ कार्ड काल बदललं असा होत नाही. दहा दिवसांपूर्वी असाही होत नाही."

"नाही. ते कधीचंही असू शकतं."



४

"चार नंबरवर याआधी वीस नकाशांचा खेळ कोणी खेळला होता?" मावशीने विचारलं.

कप्तानने मान वर करून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक मोठं चित्र चौकटीत लावलेलं होतं. बर्फाळ जंगल, झाडाच्या सालीची प्रत्येक भेग मोजता येईल इतकं स्पष्ट. सात महिन्यांपूर्वी चार नंबरच्या पडद्यावरूनच घेऊन भाचीने छापून आणलं होतं. खाली तारीख होती. वरच्या कोपऱ्यात बारीक हिरवे आकडे होते. ते मावशीला आजवर चित्राचाच भाग वाटायचे.

"ते काय?"

"कार्डाचा हिशेब. हा वेग, हे तापमान, आणि ही मेमरी किती भरली ती." कप्तान खुर्चीवर चढली. "अकरा. अकरा जीबी."

"आठच्या टेबलावर अकरा मावतात?"

"नाही मावत." तिने खाली उडी मारली. "म्हणजे त्या दिवशी आत सोळाचंच होतं!"

मशीनची नोंदवही काउंटरवर होती. मावशीने चार नंबरचं पान काढलं. त्या चित्रानंतर पट्टी दोनदाच बदलली होती. एकदा सहा महिन्यांपूर्वी, मोठ्या सफाईच्या दिवशी. आणि एकदा दहा दिवसांपूर्वी, पंख्यासाठी.

"पंखा बदलला तेव्हा मी तिथेच होते," कप्तान म्हणाली. "मीच टॉर्च धरला होता. पंखा मागच्या जाळीचा, डॉक्टरांनी कार्डाला बोटसुद्धा लावलं नाही. पट्टीही माझ्यासमोर लागली."

"हे काल कोणी सांगितलं नाही!"

"काल मी परीक्षेत होते, आणि आज तुम्ही पहिल्या आहात विचारणाऱ्या."

डॉक्टर सुटला होता. निदान दहा दिवसांपूर्वीच्या दिवसातून. मावशीला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत टेकली. मग उरला एकच दिवस. तिने हाक मारून भाचीला बोलावलं.

"मोठ्या सफाईला कोण कोण होतं गं?"

भाचीने आठवून पाहिलं. "हॉल बंद होता. भावजी लग्नाला गेले होते. मी, डॉक्टर." ती सहज पुढे म्हणाली, "आणि तू की, मावशी. कार्डांची धूळ तूच तर झटकलीस."

५

मावशीला सगळं दिसत होतं.

लांब टेबल. डॉक्टरने सातही मशीनमधली कार्डं काढून एकेका कागदावर ठेवली होती. कागदांवर पेन्सिलीने आकडे, एक ते सात. 'मावशी, पुस्तकांचा मऊ ब्रश आहे ना तुमचा? धूळ झटकून द्याल का?' असं विचारून तो पंखे धुवायला गेला होता. तिला किती आनंद झाला होता! निवृत्त झाल्यापासून कोणी तिला काम सांगितलं नव्हतं.

तिने कागद मळलेले पाहिले. कार्डं उचलून एकावर एक रचली, कागद टाकून दिले, स्वच्छ कापड अंथरलं. एकेक कार्ड ब्रशने झटकलं. मग सात नव्या चिठ्ठ्या कापल्या, सुंदर अक्षरात आकडे लिहिले आणि दोऱ्याने एकेकीला बांधल्या. वरून पहिलं ते एक, त्याखालचं ते दोन.

सातही अगदी सारखी होती. सदतीस वर्षं ती हेच करत आली होती. कपाट झाडताना एकाच पुस्तकाच्या सात प्रती असल्या, तर कुठली आधी कुठली नंतर कोण बघतं! वाचणाऱ्याला काय फरक पडतो? पाठीवर स्टिकर होतं, पण तिने पाठ वाचलीच नव्हती. मुखपृष्ठ पाहिलं होतं.

डॉक्टर हात पुसत आला, चिठ्ठ्या पाहून खूश झाला. 'मावशींचा नंबर म्हणजे काय, विचारायलाच नको,' असं म्हणून त्याने बिनघोर एकेक कार्ड आत बसवलं होतं.

"मावशी? बरं वाटत नाही का?"

"तो सातवा," मावशी म्हणाली. "नवशिक्यांचा. त्यात किती होतं?"

"आठ. तेवढं एकच आठचं घेतलं होतं. शिकणाऱ्यांना कशाला जास्त?" बोलता बोलता भाची थांबली.

तिघी काउंटरकडे वळल्या. दीर बिलात डोकं घालून बसला होता. लाल-निळे दिवे चमकत होते.

"उठा जरा," कप्तान म्हणाली. तिने दोनचार कळा दाबल्या आणि पडद्यावर एक खिडकी उघडली. त्यात लिहिलं होतं, मेमरी सोळा जीबी.

"म्हणजे काय? मी नाही हं काही केलं!" दीर ओरडला.

"तू नाही रे," मावशी म्हणाली आणि कप्तानकडे वळली. "उघड ते."

कप्तानने पत्रा सरकवला. कार्डाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, डॉक्टरच्या हातून काढायची राहिलेली, अजून तशीच होती. वळणदार अक्षरात, मन लावून लिहिलेला सात.

पाच महिने ते कार्ड बेरजा करत होतं. अख्खं बंदर मावेल एवढी जागा, आणि वर ठेवलेलं एक बिल.

"अगं, मग चोरी झालीच नाही!" भाची हसायलाच लागली. "हॉलच्या बाहेर काही गेलंच नाही! मावशी, रडतेस काय? चूक कोणाकडूनही होते."

"चूक सहा महिन्यांपूर्वीची," मावशी म्हणाली. "शनिवारी मी जे बोलले ती चूक नव्हती. मला कोणी विचारलं नव्हतं गं. मी आपली माहिती दिली. आणि तू त्याला फोन कर म्हणून मी कालपासून एकदाही म्हटलं नाही."

"मग वर्तमानपत्रात होतं तरी काय?" दीराने विचारलं.



६

भाचीने रविवारी संध्याकाळी डॉक्टरला चारदा फोन केला. त्याने उचलला नाही. मग तिने सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'उद्या साडेदहाला येतो.'

सोमवारी तो आला तेव्हा हॉल रिकामा होता. मावशी उठून उभी राहिली. तिने रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही.

"कार्डं मी अदलाबदल केली," ती म्हणाली. "आणि नाव तुमचं घेतलं."

"नाव नाही घेतलंत. पुडकं म्हणालात." तो स्टुलावर बसला नाही. "मी पाठीवरचं स्टिकर बघायला हवं होतं. ते माझं काम होतं."

"नाही. यातला वाटा मागू नका. चिठ्ठी माझ्या हातची होती."

"काल सकाळी माझ्या लक्षात आलं होतं. सातवा."

भाची पुढे झाली. "मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू, ताई? चोर म्हणून बाहेर काढलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी येऊन म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवायचं? कोणी ऐकलं असतं?"

भाचीने मान खाली घातली.

त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढून कपाटावर ठेवलं. तेच आकारमान. मावशीने कागद सोडला. आत पुस्तक होतं, नव्या कापडी बांधणीचं, पाठीवर सोनेरी अक्षरं. तिसऱ्या खणातली दोन बोटांची फट.

"पंख्याच्या दिवशी त्याच्यावर माझा चहा सांडला," तो म्हणाला. "पानं सुटली होती. बांधणाऱ्याने शनिवारी देतो म्हणून आज सकाळी दिलं."

"मग त्या दिवशी एवढं एक वाक्य बोलायचं की हो!"

"बोलणार होतो. पण पुडक्याचा विषय काढलात तुम्ही. आणि मी तर तुमच्या वहीत लिहून नेलं होतं." तो प्रथमच चाचरला. "मला वाटलं, आता ही बाई वही उघडेल. ग्रंथपाल आहे, रोज बघत असेल. मी दारापर्यंत सावकाश गेलो, मावशी."

मावशीने दोरीला बांधलेली वही उघडली. शेवटची ओळ. बारा दिवसांपूर्वीची तारीख, पुस्तकाचं नाव, आणि पुढे थोड्या वाकड्या अक्षरात, 'चहा सांडला. बांधून आणतो. क्षमस्व. डॉक्टर.'

शनिवारी ती या वहीपासून हातभर अंतरावर बसली होती. रविवारी तिने वहीवरची धूळसुद्धा पुसली होती.

काउंटरवरचा फोन वाजला. अकरा. भाचीने हात पुढे केला, पण मावशी आधी पोहोचली.

"हो, हाच हॉल," ती म्हणाली. "मालकीणबाई देतेच, पण आधी माझं ऐकून घ्या. शनिवारी इथे या माणसावर चोरीचा आळ आला होता. कुठून ना कुठून तुमच्या कानावर येईल, म्हणून मीच सांगते. तो आळ खोटा होता, आणि तो मी आणला… नाही, चुकून नाही. न बघता."

पलीकडून कोणी काही विचारलं. ती ऐकत राहिली.

"प्रामाणिक? साहेब, माझ्या वहीत गेल्या दोन वर्षांत स्वतःहून नोंद करून पुस्तक नेणारा हा एकच माणूस आहे. आणि ती नोंद मी आज वाचली."

तिने फोन भाचीच्या हातात दिला. डॉक्टर दाराशी पाठमोरा उभा होता, जाण्याच्या तयारीत. त्याला नोकरी मिळेल, असं भाचीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मिळाली की तो इथे येणार नाही, हेही दिसत होतं.

"डॉक्टर," मावशीने हाक मारली.

त्याने वळून पाहिलं.

तिने वहीत त्याच्या ओळीपुढे आजची तारीख घातली, 'परत मिळालं' असं लिहिलं आणि सही केली. मग पेन त्याच्याकडे धरलं. जरा थांबून त्याने ते घेतलं, पण सही करण्याआधी पुस्तक उचलून उलटं केलं आणि पाठीवरचं नाव सावकाश, पूर्ण वाचलं.